डेटा प्रेषणातील वेळविषयक संज्ञा मराठीत कशा लिहाव्यात? सगळीकडे 'विलंब' चालेल का?

मांडवीकर, बडोदे

नमस्कार. डेटा संप्रेषणाच्या एका प्राथमिक पुस्तिकेचे मी सध्या मराठीत भाषांतर करीत आहे. पुस्तिका मराठी माध्यमातून दहावी होऊन पदविका अभ्यासक्रमाला आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. मी जन्मापासून बडोद्याचा असल्यामुळे माझ्या मराठीत गुजराती केव्हा शिरते हे मला कळतही नाही. आमच्या घरी गाडी 'मोडी' असते, म्हणजे उशिरा येणार असते, आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना ती मोडकी वाटते. तेव्हा छापण्यापूर्वी शब्द चार जाणत्यांच्या नजरेखालून गेलेले बरे.

पुस्तिकेच्या एका प्रकरणात वेळेशी संबंधित संज्ञा एकामागून एक येतात: लेटन्सी, डिले, जिटर, राउंड ट्रिप टाइम, टाइमआउट, सिंक्रोनस, असिंक्रोनस. लेटन्सी आणि डिले या दोन्हींसाठी हाताशी असलेला शब्द 'विलंब' हाच आहे. तो घेतला की मुख्य वाक्य असे होते: 'एकूण विलंब हा प्रक्रिया-विलंब, रांग-विलंब, प्रेषण-विलंब आणि प्रसारण-विलंब यांची बेरीज असतो.' व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य बिनचूक आहे, पण शेवटच्या दोन विलंबांत फरक कोणता, हे मराठी वाचणाऱ्याला त्यातून कळणे अशक्य आहे, कारण प्रेषण आणि प्रसारण या दोन्हींचा अर्थ त्याच्या लेखी 'पाठवणे' एवढाच असतो.

प्रकरणाचा सारा भर मात्र त्याच फरकावर आहे. १५०० बाइटचे पॅकेट, म्हणजे एकत्र पाठवला जाणारा डेटाचा गठ्ठा, हा १२,००० बिटांचा असतो. सेकंदाला १ कोटी बिट वाहणाऱ्या जोडणीवर ते पूर्ण चढवायला १.२ मिलिसेकंद लागतात आणि १०० कोटी बिट वाहणाऱ्या जोडणीवर १२ मायक्रोसेकंद. याउलट काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. बडोद्याहून मुंबईपर्यंत तंतूची लांबी ४०० किलोमीटर धरली तर एका बिटाला जायला २ मिलिसेकंद लागतील, मग जोडणी कितीही महागाची घ्या. पहिला काळ जोडणीच्या क्षमतेवर ठरतो आणि दुसरा अंतरावर. हे भेद दाखवणारे शब्द कोणते घ्यावेत?

सिंक्रोनससाठी हिंदी पुस्तकांत 'तुल्यकालिक' दिसतो, मराठीत 'समकालिक' वाचल्याचे आठवते. जिटरसाठी तर मला काहीच पटलेले नाही. सगळे शब्द देवनागरीत जसेच्या तसे ठेवावेत, असा सल्ला मित्रांनी दिला आहे आणि तोही मी बाजूला टाकलेला नाही.

कलाभवनी, बडोदे

मांडवीकर, प्रश्न नेमका मांडलात. अनेक वर्षे हा विषय शिकवला असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

वेळेच्या संज्ञेला मराठी शब्द शोधण्याआधी तिच्यासमोर दोन गोष्टी लिहून काढाव्यात: मोजणीचे घड्याळ कोणत्या घटनेला सुरू होते आणि कोणत्या घटनेला थांबते. आपल्या 'प्रेषण-विलंबा'त पहिला बिट तारेवर चढला की घड्याळ सुरू होते आणि त्याच ठिकाणी शेवटचा बिट चढला की थांबते, म्हणजे दोन्ही घटना एकाच टोकाला घडतात. 'प्रसारण-विलंबा'त एकच बिट या टोकाहून निघतो तेव्हा घड्याळ सुरू होते आणि तो त्या टोकाला पोहोचला की थांबते. वर्गात मी हे बडोदे स्थानकावरच्या मालगाडीने सांगत असे: इंजिनाने फलाटाचे टोक ओलांडल्यापासून शेवटचा डबा ते टोक ओलांडेपर्यंतचा वेळ वेगळा आणि एखाद्या डब्याला मुंबई गाठायला लागणारा वेळ वेगळा. एवढे मान्य केले की दुसऱ्या संज्ञेला 'प्रवासकाल' हा साधा शब्द आपोआप सुचतो. पहिलीला 'प्रेषणकाल' म्हणावे, पण पहिल्यांदा येईल तेथे 'पॅकेट पूर्णपणे जोडणीवर चढवण्यास लागणारा काल' अशी व्याख्या द्यावी. 'प्रसारण' येथे नको, कारण आकाशवाणीने तो शब्द कायमचा आपल्याकडे ठेवून घेतला आहे. 'पारेषण'ही नको, महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला तो ऐकताच विजेचे मनोरे दिसतील.

मी 'विलंब' काढून 'काल' घातला आहे, ही अदलाबदल मुद्दाम केली आहे. मराठीत विलंब म्हणजे ठरलेल्या वेळेपेक्षा झालेला उशीर. विलंब शुल्क मुदत उलटल्यावर लागते, मुदतीच्या आत पैसे भरणाऱ्याला ते कोणी मागत नाही. ४०० किलोमीटरच्या तंतूत प्रकाशाला २ मिलिसेकंद लागले तर त्यात कोणालाही उशीर झालेला नाही, कारण त्याहून लवकर तो पोहोचूच शकत नव्हता. इंग्रजी डिले या शब्दात तांत्रिक वापराने हा दोषाचा अर्थ पुसट झाला आहे, मराठी विलंबात तो अजून ठसठशीत आहे. आपल्या चार घटकांपैकी ज्याला खऱ्या अर्थाने विलंब म्हणता येईल असा एकच आहे, तो म्हणजे रांगेतला. वर्दळ नसेल तेव्हा तो शून्य असतो आणि वर्दळ वाढली की वाटेल तितका वाढतो. त्याला मी 'रांगेतील खोळंबा' म्हणेन. खोळंबा हा शब्द बोलीतला आहे म्हणून संपादक नाक मुरडतील, तर मुरडू द्यावे, कारण पुढच्याच्या मागे अडकून पडणे हा अर्थ इतक्या नेमकेपणाने दुसरा कोणताही शब्द देत नाही.

आता लेटन्सी. हा शब्द 'लपलेले असणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे आणि तेवढ्यावरून काही जण 'सुप्तता' सुचवतात. त्याच धातूच्या लेटंट हीटला शालेय पुस्तकांत 'अप्रकट उष्मा' म्हणतात आणि ते तेथे शोभते, कारण तेथे उष्णता खरोखरच तापमापीवर प्रकट होत नाही. जाळ्यातल्या लेटन्सीत मात्र काहीही लपलेले नसते. शिवाय हा शब्द वापरणारे त्याने एकच गोष्ट मोजत नाहीत. जाळ्यात तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या काळासाठी येतो, कित्येकदा जाऊन येण्याच्या काळासाठीही येतो, तर संगणकाच्या स्मृतीत स्तंभाचा पत्ता दिल्यापासून पहिली माहिती हाती येईपर्यंतच्या घड्याळ-ठोक्यांसाठी येतो. डीडीआर-४ ३२०० जातीच्या स्मृतीवर सीएल (म्हणजे हीच लेटन्सी) १६ असे लिहिलेले असले, तर त्याचा अर्थ १६०० मेगाहर्ट्झच्या घड्याळाचे १६ ठोके, म्हणजे १० नॅनोसेकंद. इतक्या ठिकाणी फिरणाऱ्या शब्दाला 'लेटन्सी' असेच राहू द्यावे आणि त्याच्या पोटात मोजले जाणारे काळ मात्र मराठीत लिहावेत. म्हणजे आपल्या मित्रांचा सल्ला मी अर्धाच मानतो.

एक सुचवावेसे वाटते. बडोद्यात बसून परिभाषेचे काम करताना येथील जुनी पद्धत विसरू नये. १८९० साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झाले ते तांत्रिक शिक्षण मातृभाषेतून देता येते या विश्वासावर. पुढे १९३१ साली संस्थानाने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' प्रसिद्ध केला, त्यात राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द शेजारीशेजारी मांडलेले आहेत. आपणही असे रकाने आखावेत. हिंदीच्या रकान्यात १९६१ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाचे शब्द घालता येतील. शेजारचा शब्द उचलायचा की टाळायचा, हे तो समोर दिसल्याशिवाय ठरत नाही.

दूरसंचार_निवृत्त, बडोदे

कलाभवनी सरांशी लेटन्सीबाबत मी सहमत आहे. 'समकालिक'बद्दल मात्र मला शंका आहे आणि ती एक्स्चेंजमधल्या अनुभवातून आलेली आहे.

समकालिक म्हटले की 'एकाच वेळी घडणारे' असा अर्थ डोक्यात येतो. प्रेषणात प्रश्न एकाच वेळी घडण्याचा नसून एकाच घड्याळाच्या ठोक्यावर चालण्याचा असतो. दूरध्वनीचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो, म्हणजे दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक नमुना. प्रत्येकी ६४ किलोबिटच्या ३२ वाहिन्या एकत्र केल्या की २.०४८ मेगाबिटचा प्रवाह होतो, ज्याला आम्ही ई-१ म्हणत असू. असे अनेक प्रवाह एकत्र करून मोठा प्रवाह करण्याच्या जुन्या रचनेत प्रत्येक केंद्राचे घड्याळ स्वतंत्र असे आणि ही घड्याळे जवळजवळ सारख्या गतीने चालत. ई-१ साठी दहा लाखांत ५० इतका फरक इकडे किंवा तिकडे मान्य होता आणि तो भरून काढण्यासाठी प्रवाहात जादा बिट घालण्याची सोय होती. या रचनेला प्लेसिओक्रोनस म्हणतात आणि नावाचा अर्थच 'जवळपास' असा आहे. नंतर आलेल्या सिंक्रोनस रचनेत सगळे जाळे एका मुख्य घड्याळाला बांधले गेले. हे दोन शब्द शेजारी ठेवले की मराठीत काय हवे ते स्पष्ट होते. मी शिकाऊ मुलांना तोंडी 'एकघड्याळी' आणि 'जवळघड्याळी' असे सांगत असे. एकपदरी, एकखांबी हे शब्द चालतात, तर एकघड्याळी का चालू नये? छापताना 'समकालिक' घालायचा असेल तर घालावा, पण व्याख्येत घड्याळ हा शब्द आलाच पाहिजे.

असिंक्रोनसला नुसता 'अ' लावून 'असमकालिक' केले की तेथे वेळेचे काही बंधनच नाही, असा समज होतो. वस्तुस्थिती उलट आहे. बिट एकामागून एक पाठवणाऱ्या साध्या सिरियल जोडणीवर, ती ९६०० बॉडची (येथे सेकंदाला ९६०० बिटांची) असेल तर, प्रत्येक अक्षराआधी एक आरंभ बिट, मग ८ बिट मजकूर आणि शेवटी एक विराम बिट जातो. एकूण १० बिट झाले, म्हणून सेकंदाला ९६० अक्षरे जातात आणि प्रत्येक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. घेणाऱ्याचे घड्याळ प्रत्येक आरंभ बिटाच्या कडेला नव्याने लावले जाते आणि त्याला पुढचे दहा बिट संपेपर्यंतच अचूक चालायचे असते. तो प्रत्येक बिट मधोमध वाचतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या घड्याळांत मिळून सुमारे पाच टक्क्यांच्या आत फरक असला तरी तत्त्वतः निभावते. प्रत्यक्षात अर्थातच आणखी कसोशी ठेवावी लागते. टेलिप्रिंटरच्या काळापासून इंग्रजीत या पद्धतीला स्टार्ट-स्टॉप असे दुसरे नाव आहे. 'आरंभ-विराम पद्धत' असे लिहिले तर काम कसे चालते तेही शब्दातच कळते.

जिटरचे दोन वेगळे अर्थ आहेत आणि दोन्हींना एक शब्द देऊ नये. पहिला अर्थ विद्युत संकेताचा: घड्याळाचा ठोका जेथे पडायला हवा त्याच्या किंचित आधी किंवा नंतर पडणे. येथे मला 'थरथर' हाच शब्द योग्य वाटतो. हीच हालचाल सेकंदाला दहापेक्षा कमी आवर्तनांची, म्हणजे संथ असेल, तर दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत तिला वॉन्डर म्हणतात. तिला 'सरक' म्हणता येईल. दुसरा अर्थ पॅकेटांचा: एका पॅकेटला लागलेला काळ आणि दुसऱ्याला लागलेला काळ यांतला फरक. हा शब्द दोन प्रकारे वापरला जातो, म्हणून इंटरनेटच्या २००२ सालच्या आरएफसी ३३९३ या दस्तऐवजात तो टाळून पॅकेटच्या काळातले बदल असे सरळ वर्णनात्मक नाव घेतले आहे. इंग्रजीनेच जो शब्द सोडू पाहिला, त्याचे भाषांतर करण्यात शक्ती का घालवावी? 'पोहोचण्यातील अनियमितता' पुरे. 'कालविचलन' मात्र करू नका. संख्याशास्त्रातले प्रमाण विचलन विद्यार्थ्याला माहीत असते आणि तो तेच सूत्र लावायला जाईल. आवाजाच्या पॅकेटांसाठी आरएफसी ३५५० मध्ये दिलेली मोजणी अगदी निराळी आहे: प्रत्येक नव्या फरकाचा सोळावा हिस्सा धरून चालती सरासरी ठेवली जाते.

फतेहगंज, बडोदे

मी सॉफ्टवेअरच्या बाजूने लिहिते. दूरसंचार काकांनी सुचवलेली 'आरंभ-विराम पद्धत' मला फार सोयीची वाटते, कारण असिंक्रोनस हा शब्द आमच्याकडे अगदी वेगळ्या अर्थाने येतो. प्रोग्रॅममध्ये एखादे काम सांगून त्याच्या उत्तरासाठी न थांबता पुढे जाणे, याला आम्ही असिंक्रोनस म्हणतो. त्यात घड्याळाचा ठोका, आरंभ बिट वगैरे काहीही नसते. इंग्रजीत दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहतात आणि विद्यार्थी वर्षभर गोंधळलेला राहतो. मराठीत सुरुवातीपासून दोन शब्द ठेवता येत असतील तर ठेवावेत. आमच्यासाठी 'न थांबता केलेली विनंती' एवढे पुरे, तिला संस्कृत पोशाख घालण्याची गरज नाही.

टाइमआउटसाठी कोणी 'कालबाह्य' सुचवील. तसे करू नये, कारण कालबाह्य म्हणजे जुनाट. येथे आपल्याकडे 'मुदत' हा जिवंत शब्द आहे. उत्तराची मुदत संपली की टीसीपी (पॅकेट पोहोचल्याची खात्री करून घेणारी इंटरनेटची प्रेषण-पद्धत) पॅकेट पुन्हा पाठवते आणि पुढची मुदत दुप्पट करते. २०११ सालच्या आरएफसी ६२९८ प्रमाणे, जाऊन येण्याचा काळ अजून मोजलेला नसताना पहिली मुदत १ सेकंदाची धरतात. 'पुनःप्रेषणाची मुदत' हे मराठी माणसाला पहिल्या वाचनात समजते. राउंड ट्रिप टाइमला 'फेरीकाल' म्हणावे.

माझी खरी तक्रार 'वेग' या शब्दाबद्दल आहे. जाहिरातींमुळे बँडविड्थला सगळेच वेग म्हणू लागले आहेत. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. संकेताला वर जाऊन खाली यायला प्रकाशाच्या वेगानेही सुमारे २४० मिलिसेकंद लागतात, म्हणून फेरीकाल अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातो. त्या जोडणीची क्षमता दहापट केली तरी हा आकडा तसूभर हलत नाही. याचे दुसरे टोकही पाहावे. टीसीपीच्या मूळ रचनेत पोच न मिळता जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट वाटेत ठेवता येतात. फेरीकाल १०० मिलिसेकंद असेल तर सेकंदाला सुमारे ५२ लाख बिटांच्या वर जाताच येत नाही, जोडणी शंभरपट मोठी असली तरीही. ही मर्यादा उठवण्यासाठीच पुढे ती खिडकी, म्हणजे पोच न मिळता वाटेत ठेवता येणाऱ्या बाइटांची कमाल संख्या, मोठी करण्याची सोय आली. बँडविड्थला 'क्षमता', थ्रूपुटला 'प्रत्यक्ष वहन' आणि लेटन्सीला काळ, असे तीन वेगळे शब्द असतील तरच हे गणित मराठीत मांडता येईल. 'वेग' फक्त प्रकाशासाठी राखून ठेवावा.

मांडवीकर, बडोदे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रकाने आखून बसलो आणि गुजरातीच्या रकान्यातही 'विलंब'च आला, त्यामुळे तेथून मदत मिळण्याची आशा सोडून दिली. आपल्या सूचनांप्रमाणे तो परिच्छेद नव्याने लिहिला आहे:

'पॅकेटला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास लागणारा एकूण काल, म्हणजे लेटन्सी, ही चार भागांची बेरीज असते. वाटेतील प्रत्येक यंत्र पॅकेटवरील पत्ता वाचून त्याचा मार्ग ठरवते, तो प्रक्रियाकाल. बाहेर पडण्याच्या मार्गावर आधीची पॅकेटे उभी असतील तर थांबावे लागते, तो रांगेतील खोळंबा. पॅकेटचा पहिला बिट जोडणीवर चढल्यापासून शेवटचा बिट चढेपर्यंतचा काल हा प्रेषणकाल असून तो जोडणीच्या क्षमतेवर अवलंबून असतो. एका बिटाला जोडणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्यास लागणारा काल हा प्रवासकाल असून तो अंतरावर आणि माध्यमावर अवलंबून असतो. खोळंबा दर पॅकेटला कमीजास्त होत असल्यामुळे पोहोचण्यात अनियमितता येते.'

शेवटचे वाक्य मूळ पुस्तिकेत नाही, ते मी जोडले आहे. 'एकघड्याळी' हा शब्द मला मनापासून आवडला, पण प्रकाशकांच्या संपादकांनी तो चालवून घेतला नाही, म्हणून मजकुरात 'समकालिक' आणि व्याख्येत 'एकाच घड्याळाच्या ठोक्यावर चालणारे' अशी तडजोड केली आहे. 'खोळंबा' मात्र त्यांनी हसत मान्य केला. आता एकच शंका उरली आहे: 'बॉड रेट'ला 'बिटदर' म्हटले तर चालेल का?

दूरसंचार_निवृत्त, बडोदे

चालणार नाही. बॉड म्हणजे एका सेकंदात वाहिनीवर जाणाऱ्या चिन्हांची संख्या, आणि एका चिन्हात एकाहून अधिक बिट असू शकतात. व्ही.२२ जातीचा मोडेम ६०० बॉडवर चालून सेकंदाला १२०० बिट पाठवत असे आणि त्याच ६०० बॉडवर व्ही.२२ बिस २४०० बिट पाठवत असे. चिन्हे तेवढीच, पण दुसऱ्यात प्रत्येकावर दुप्पट बिट. साध्या सिरियल जोडणीत एक चिन्ह म्हणजे एकच बिट असल्यामुळे दोन्ही आकडे सारखे येतात आणि तेथूनच हा घोळ सुरू होतो. फ्रेंच तारायंत्र-अभियंता एमिल बोदो याच्या नावावरून हे एकक आले आहे, तेव्हा व्होल्ट आणि अँपिअरप्रमाणे बॉड तसाच ठेवावा आणि राशीला 'चिन्हदर' म्हणावे: 'चिन्हदर ९६०० बॉड.' 'बॉड प्रतिसेकंद' असे कोठे छापून आले असेल तर तेही काढून टाकावे, कारण बॉडमध्ये प्रतिसेकंद आधीच आलेले आहे.